पाहुण्यांसाठी थांबवलेल्या होड्या

झोयिरच्या दारातून कुणी उपाशी परत गेलं, असं ताश्कंदच्या त्या मोहल्ल्यात कुणी सांगणार नाही. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही तो दंडाला धरून आत बसवी, नान मोडून पुढ्यात ठेवी, आणि तो बिचारा घड्याळाकडे बघू लागला की म्हणे, "छे छे! मला कसलं काम? मी रिकामाच बसलो होतो." हे म्हणताना त्याचे हात ग्रीसने बरबटलेले असत आणि अंगणात सुटं केलेलं इंजिन त्याची वाट बघत पडलेलं असे. याला खोटं बोलणं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. पाहुण्याला आपल्यामुळे घरच्यांचा खोळंबा झाला असं वाटू देणं म्हणजे त्याला दाराबाहेर काढण्यातलाच प्रकार. झोयिर या बाबतीत जरा जास्तच आमच्याकडचा होता. या गुणापायी त्याने एकदा जो घोळ घातला तो सांगतो. घोळ पाच मिनिटांचा होता, पण निस्तरायला त्याच्याकडे तीन महिने होते आणि ते त्याने वाया घालवले.

चश्मा पार्कात तो सव्वीस वर्षं मेकॅनिक होता. त्याच्या ताब्यात पाण्याचा डोंगर. पन्हळीतून होडी खडखडत वर चढायची, टोकाला क्षणभर थांबायची आणि धाडकन खाली यायची. आतली पोरं किंचाळायची, कठड्यापाशी उभे असलेले आईबाप नखशिखान्त भिजायचे. एके काळी रांग आइस्क्रीमच्या टपरीपर्यंत जायची. आता पन्हळीला ठिगळावर ठिगळ होतं, पंप सकाळी चालू करताना त्याची मनधरणी करावी लागे, आणि तिकीटखिडकीतल्या बायका, थोरल्या भावाला लावतात तसं 'अका' लावून, विचारत, "झोयिर-अका, तुमचा डोंगर आज कामावर आहे की आजारी रजेवर?"

डोंगराच्या पाठीमागे तुतीच्या झाडांखालून एक उथळ कालवा वळसे घेत जायचा. पाण्याखालच्या साखळीवर बारा बुटक्या होड्या माणसाच्या चालीने फिरायच्या. ना चढ, ना उतार, ना किंचाळणं. नातवंडाला मांडीवर घेऊन आज्या बसायच्या, हात लांबवून पाण्यात बोटं बुडवायच्या आणि दोन फेऱ्यांत पोर झोपून जायचं. हा कालवा तोष्टेमिर-अकांचा. म्हणजे पार्काचाच, पण सगळे तसंच म्हणायचे. वय एकाहत्तर, पेन्शन कधीच सुरू झालेली, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दर वसंतात ते बाराही होड्या स्वतः रंगवत.

नव्वदच्या दशकात ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडला आणि झोयिर आठ महिने घरी बसला, तेव्हा याच तोष्टेमिर-अकांनी त्याला हाताला धरून पार्कात आणलं होतं. "पाइप तो पाइप. ट्रॅक्टरात तेल जातं, इथं पाणी. चल." पंपावर तळहात ठेवून त्याचं दुखणं ओळखायला त्यांनीच शिकवलं. झोयिरच्या थोरल्या मुलीच्या लग्नात चारशे माणसांचा पुलाव त्यांनीच रांधला आणि स्वतः शेवटच्या पंगतीला जेवले. झोयिर त्यांच्या घरी गेला की ते 'या, बसा' वगैरे काही म्हणत नसत. "आलास? ती सुरी घे आणि गाजरं चीर," एवढंच.

मग पार्काला नवा डायरेक्टर आला. शेरली, वय चौतीस. झोयिर त्याला वयाने धाकटा म्हणून 'उका' म्हणे आणि हुद्द्याने मोठा म्हणून 'तुम्ही'. शेरलीने आल्या आल्या सांगून टाकलं की पाण्याचे दोन्ही खेळ म्हातारे झालेत, दोन्ही पोसणं जमायचं नाही. एक काढायचा, दुसरा नीट दुरुस्त करायचा, आणि पार्कातली जी जागा नुसतीच पडून आहे तिथे मोठ्या मुलांसाठी नवं काहीतरी उभारायचं. कोणता काढायचा हे ठरवायला इस्तंबूलहून दोन तज्ज्ञ येणार होते.

डोंगर गेला तर झोयिर गेला. सत्तावन्नाव्या वर्षी पार्काबाहेर त्याला कोण ठेवून घेणार होतं? धाकट्या दोघी मुली अजून शिकत होत्या. कालवा गेला तर तोष्टेमिर-अका घरी बसणार, आणि त्या घरात आता भिंतींशिवाय बोलायला कुणी नव्हतं. दोघांनाही हे माहीत होतं. दोघेही त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

पाहुणे आले ते जुलैत, ऐन चिल्ल्यात. चाळीस दिवसांच्या त्या उन्हाळ्यात दुपारी एक वाजता डांबर पायाला चिकटतं. आयतेन नावाची चाळिशीतली बाई, हातात वही. आणि एक जाडगेला इंजिनिअर. त्या इंजिनिअरने सकाळी डोंगराची पन्हळ बोटाने ठोकून पाहिली, एका तड्यात नख घातलं आणि मान हलवली.

"झोयिर-अका," शेरली हळूच म्हणाला, "यांचं जेवण तुमच्याकडे. कुठंतरी गार सावलीत बसवा. पार्काची लाज राखा."

गार सावली पार्कात एकाच ठिकाणी होती. कालव्याच्या दुसऱ्या वळणावर तोष्टेमिर-अकांनी पाण्यावरच एक ऐसपैस लाकडी तपचान, म्हणजे बसून जेवायचा चौथरा, टाकला होता. झोयिर धावतच तिथे गेला. "अका, पाहुणे आलेत!" एवढं ऐकताच म्हाताऱ्याने कढईखाली सरपण सारलं. साखळीचा खडखडाट जेवताना नको म्हणून झोयिरने स्वतःच्या हाताने कळ खाली ओढली. बाराही होड्या त्याने पलीकडच्या काठाला नेऊन बांधल्या. त्याच वेळी पिवळ्या टोप्या घातलेली बावीस पोरं एका दोरीला धरून आली. बालवाडीची सहल होती, पुढे दिल्फुझा नावाची शिक्षिका घाम पुसत.

"ओपा, आत्ता नको," ताईला म्हणावं तसं म्हणत झोयिर तिला आडवा झाला. "लांबून पाहुणे आलेत. तीननंतर या की."

"तीनला आमची बस आहे हो, अका."

"मग डोंगरावर न्या. या सावलीत काय ठेवलंय?"

पोरं मागे वळून वळून होड्यांकडे बघत गेली.

जेवण झोकात झालं. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला चहा वाटीत थोडा थोडाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतो; झोयिर गुडघ्यावर बसून ओतत होता. खाली पाणी संथ, वर तुतीची पानं. आयतेनबाईंनी सँडल काढून ठेवले आणि आजूबाजूला पाहिलं.

"आमच्यामुळे तुमचं काम तर अडलं नाही ना?" तिने विचारलं. तिची तुर्की आमच्या उझबेकच्या जवळची, झोयिरला चांगली कळत होती.

"काम? इथं?" झोयिर हसला. "अहो, इथं येतंय कोण! आरामात बसा."

"म्हणजे रोज असंच शांत असतं?"

"रोज! एखादी चिमणी येते पाणी प्यायला. तिला सांगू आज उशिरा ये म्हणून."

इंजिनिअर खो खो हसला. आयतेनबाईही हसली, आणि हसत हसत तिने वही उघडून दोन ओळी लिहिल्या.

झोयिरला त्या दोन ओळी लिहिताना दिसल्या. वाचता आल्या नाहीत, पण वाचायची गरज नव्हती. 'बाई, ते मी आपलं पाहुण्याला म्हणून बोललो. संध्याकाळी पाचनंतर या, आज्यांची झुंबड बघा. आत्ताच बावीस पोरं मी परत पाठवली,' एवढं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याच वेळी त्याला पन्हळीतल्या तड्यात गेलेलं ते नख आठवलं. वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं. पंचवीस पावलांवर तोष्टेमिर-अका कढईतला रस्सा आटवत होते. तेलाच्या चरचरीत त्यांना काही ऐकू गेलं नाही. ते मोठी परात दोन्ही हातांत धरून आले आणि मांसाचे सगळ्यात चांगले तुकडे त्यांनी आयतेनबाईंच्या बाजूला लावले.

जेवणानंतर वडीलधारे म्हणून त्यांनीच हात पसरून फातिहा म्हटला, "पाहुण्यांचं काम फत्ते होवो." सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले. झोयिरनेही फिरवले.

तीन आठवड्यांनी शेरलीने झोयिरला ऑफिसात बोलावलं. चेहरा खुललेला. "तुमचा डोंगर वाचला, अका! नवा पंप, नवी पन्हळ. कालवा बुजवायचा." आणि अहवालातल्या एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. या भागात कुणी येत नाही, तो रोज रिकामाच असतो, असं उद्यानाच्या सर्वांत जुन्या मेकॅनिकने स्वतः सांगितलं, अशी ती ओळ होती. खाली फोटो होता. काठाला बांधलेल्या बारा होड्या, एकही माणूस नाही.

"शेरली-उका," झोयिर म्हणाला, "ते मी पाहुण्यांना म्हणून बोललो होतो. होड्या मीच बांधल्या. पोरं मीच परत पाठवली."

शेरलीने अहवालावरचं बोट उचललं. "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

शेरली काही वाईट माणूस नव्हता. त्याने खणातून एक कोरा कागद काढला. "हे घ्या. झालं ते लिहून द्या, मी आजच्या आज इस्तंबूलला पाठवतो. पण नीट समजून लिहा, अका. एक जायचाच आहे. तो नाही तर हा."

"विचार करून देतो," झोयिर म्हणाला आणि कागदाची घडी घालून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली.

त्या कागदाची गोष्ट काय सांगावी! त्याची बायको मस्तुरा दर शनिवारी कपडे धुवायच्या आधी तो मळक्या शर्टातून काढून धुतल्या शर्टात घाले. चौथ्या शनिवारी तिने विचारलं, "अहो, हा कोरा कागद कसला एवढा जपताय?"

"लागणार आहे."

"कशाला?"

"लागणार आहे म्हटलं ना!" तो खेकसला. मस्तुरावर तो कधी खेकसत नसे. गुरुवारी तिने पुलाव केला तर दोन घास खाऊन तो उठला. मीठ जास्त झालंय म्हणाला. मीठ बरोबर होतं.

रोज सकाळी तो ठरवायचा, आज लिहू. वाक्यंही तयार होती. मग धाकटी पोर कॉलेजच्या पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून जाताना दिसायची आणि वाक्यं विरून जायची. मुलींसाठी गप्प राहतोय, असं तो स्वतःला बजावत असे. ते खरंही होतं. पण तोष्टेमिर-अकांपाशी जाऊन नुसतं सांगायला मुली कुठे आडव्या येत होत्या? तिथे आडवी येत होती ती त्याची स्वतःची भीती, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. स्वतःची त्याला इतकी लाज वाटायची की पंपापाशी एकटा असतानासुद्धा तो मान खाली घालून काम करी.

त्यात म्हातारा गोड वागून त्याचा जीव नकोसा करत होता. कालवा जाणार हे कळलं त्या दिवशी ते झोयिरकडेच आले. "तुझा डोंगर वाचला ना? बरं झालं बाबा. तुझ्या पोरी लहान आहेत. मी नमाजात तुझंच नाव घेतलं होतं." मग सप्टेंबरात त्यांनी होड्या रंगवायला काढल्या.

"अका, महिन्याभरात मोडायच्यात त्या!" झोयिर म्हणाला.

"मग? पोपडे निघालेल्याच मोडायला देऊ? बघणारे काय म्हणतील, या म्हाताऱ्याने ठेवल्याच नव्हत्या नीट. तू डबा धर."

झोयिरने डबा धरला. बारा होड्या, चार दिवस. एवढ्या वेळात सांगायचं म्हटलं असतं तर बारा वेळा सांगून झालं असतं. सहाव्या होडीपाशी तो "अका..." म्हणालाही. तोष्टेमिर-अकांनी ब्रश थांबवून वर पाहिलं. "रंग पातळ झालाय," झोयिर म्हणाला.

ऑक्टोबरातला तो गुरुवार उजाडला. कालव्यातलं पाणी सोडून दिलेलं, तळाला चिखल आणि तुतीची पिवळी पानं. खोदायचं यंत्र येऊन उभं होतं. पार्कातले पन्नासएक लोक जमले होते, कारण फातिह्याशिवाय आमच्याकडे एक वीटही कुणी हलवत नाही, आणि फातिहा म्हणायचा तो तिथल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने. वडीलधारं तिथे एकच होतं. शेरलीलाही ते अवघड वाटत असावं, तो बूट बघत म्हणाला, "तोष्टेमिर-अका, तुम्हीच..."

म्हाताऱ्याने टोपी सारखी केली आणि दोन्ही हात पुढे पसरले. पन्नास जोड्या हात वर झाले. झोयिरचे झाले नाहीत.

"झोयिर, हात वर कर," ते म्हणाले. "माणसं खोळंबलीत."

"अका, थांबा." त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "हे माझ्यामुळे होतंय. ती तुर्की बाई आली होती ना, तिला मी सांगितलं इथं कुणी येत नाही म्हणून. तिनं विचारलं आमच्यामुळे काम अडलं का, तर मी म्हटलं, कसलं काम, चिमणी येते पाणी प्यायला. तिनं तेच लिहून नेलं."

तोष्टेमिर-अकांचे हात तसेच पसरलेले होते. आणि मग ते चक्क हसायला लागले.

"चिमणी म्हणालास? अरे वेड्या, मी असतो तर म्हणालो असतो, चिमणीसुद्धा येत नाही! पाहुण्याला दुसरं काय सांगणार? हो बाई, तुमच्यापायी माझा धंदा बुडाला, असं?"

लोक हसले. झोयिरच्याही छातीवरचा दगड क्षणभर हलला.

"बरं," म्हातारा हसू पुसत म्हणाला, "आणि पाहुणे गेल्यावर?"

"काय अका?"

"पाहुणे चार वाजता गेले. त्यानंतर आपण दोघांनी इथंच बसून चहा घेतला. उरलेला पुलाव मी तुला डब्यात भरून दिला. तेव्हा मला काय सांगितलंस?"

झोयिरने खिशातून कागद काढला. घडीवर तो झिजून फाटायला आला होता. "शेरली-उकांनी दिला होता. लिहून दिलं असतं तर कालवा राहिला असता. डोंगर गेला असता."

तोष्टेमिर-अकांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. कोरा.

"पेन नव्हतं?"

"होतं, अका."

म्हाताऱ्याने मान डोलावली. कागद घडी करून परत झोयिरच्या हातात दिला. "माझ्यापाशी आला असतास तर मीच म्हणालो असतो, डोंगर ठेव. माझं काय, मी एकाहत्तरचा. पण मला म्हणायला तरी मिळालं असतं." एवढं बोलून ते पुन्हा सगळ्यांकडे वळले, हात पसरले, आणि स्वच्छ आवाजात त्यांनी फातिहा म्हटला: इथे काम करणाऱ्यांना इजा न होवो, इथे खेळायला येणारी पोरं सुखरूप घरी जावोत. ओमिन. या वेळी झोयिरनेही हात वर केले होते. यंत्र सुरू झालं.

पुढच्या वर्षी डोंगर नव्यासारखा झाला. नव्या पंपाची मनधरणी करावी लागत नव्हती. कालव्याच्या जागी दोरांचे पूल आणि उंच जाळ्या आल्या, मोठी पोरं तिथे गर्दी करू लागली. आज्या मात्र नातवंडाला कडेवर घेऊन यायच्या, चार पावलं इकडे चार पावलं तिकडे करायच्या आणि विचारायच्या, होड्या कुठे गेल्या? जूनमध्ये पिवळ्या टोप्यांची रांगही आली. दिल्फुझाने त्याला लगेच ओळखलं.

"अका, गेल्या वर्षी तुम्ही तीननंतर या म्हणालात ना? या खेपेला बसवाल्याला पाचची वेळ दिलीय. कुठं आहेत होड्या?"

"मोडल्या, ओपा."

"अगबाई! का?"

"इथं कुणी येत नाही म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"मी," झोयिर म्हणाला.

ती दोरी धरून पोरांना जाळ्यांकडे घेऊन गेली.

काम संपल्यावर तो तडक तोष्टेमिर-अकांच्या घरी निघाला. ऑक्टोबरापासून रस्त्यात दिसले की सलाम-दुवा व्हायची, तब्येतीची चौकशी व्हायची, पण त्या अंगणात त्याने पाऊल टाकलं नव्हतं. आज त्याला सांगायचं होतं की पोरं विचारत आली होती, आज्या रोज विचारतात, तुमच्या होड्यांची आठवण लोकांना आहे. वाटेत त्याने दोन गरम नान घेतले.

दार उघडंच होतं. अंगणात म्हातारा बुटक्या स्टुलावर बसून गाजरं चिरत होता. अर्धी चिरलेली, अर्धी परातीत. चुलीवर कढई तापून तेलाला धूर सुटायला आलेला. दोन सुऱ्या पाटावर होत्या. झोयिर दारातूनच त्या दुसऱ्या सुरीकडे बघत राहिला.

तोष्टेमिर-अकांनी मान वर केली. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि लगबगीने उठून कढई चुलीवरून उतरवली. "अरे, झोयिर! या, या. आत या." त्यांनी त्याला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या गादीवर नेऊन बसवलं, पाठीशी उशी दिली, नान मोडून पुढ्यात ठेवला. चहाच्या वाटीत थोडासाच चहा ओतला.

"अका," झोयिर म्हणाला, "तुमचा खोळंबा तर नाही ना केला?"

"छे छे!" तोष्टेमिर-अका हसून म्हणाले. "मला कसलं काम? मी रिकामाच बसलो होतो."